एसटीला पास नको, जीपला पास हवा



या पानावर आम्ही एरवी शिष्यवृत्तीचे अर्ज, मुलांचा अभ्यास, आजारपण, घरखर्च अशा विषयांवर लिहितो. आज एका भावा-बहिणीच्या अबोल्यावर लिहायचे आहे. हा अबोला शेताच्या वाटणीवरून पडला नाही की लग्नातल्या मानपानावरूनही नाही. तो एका सरकारी नियमावरून पडला, आणि तो नियम आज कुठेही लागू नाही. नियम गेला, पण त्याने घरात पाडलेली फट तशीच राहिली. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले, म्हणून हा लेखनप्रपंच.

देवगाव रंगारी हे आमचे गाव. तालुका कन्नड, जिल्हा तेव्हाचा औरंगाबाद, आताचा छत्रपती संभाजीनगर. आमची माणसे पोटासाठी चहूकडे पांगलेली. कुणी वाळूजच्या कंपनीत, कुणी नाशिकला, कुणी पुण्या-मुंबईला, कुणी ऊसतोडीला. शिऊरच्या पुढे गेले की नाशिक जिल्हा लागतो आणि कन्नडचा घाट उतरला की जळगाव जिल्हा. लेकी-सुना या तिन्ही जिल्ह्यांत दिलेल्या. जिल्ह्याची हद्द आम्हाला कधी जाणवतच नव्हती. ती जाणवली २३ मार्च २०२० रोजी, राज्यात संचारबंदी लागू होऊन जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या तेव्हा.

आता त्या भावा-बहिणीची गोष्ट. भाऊ गावातच मिस्तरीकाम करतो. त्याची थोरली बहीण नाशिकला राहते. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. २६ ऑगस्ट २०२०, बुधवारी पहाटे अक्काचे मालक हृदयविकाराने गेले. भावाला फोन आला. त्याने शेजाऱ्याची जीप ठरवली, बायको आणि म्हाताऱ्या आईला घेतले आणि तासाभरात निघाला. वाटेत एका नाक्यावर गाडी अडवली. ई-पास आहे का? नाही. मग परत फिरा. भावाने फोनमधला निरोप दाखवला, आई रडली, पण गाडी पुढे गेली नाही. घरी येऊन त्याने दुसऱ्या दिवशी पोरीकडून पासाचा अर्ज भरून घेतला. रविवारी, ३० तारखेला, जलदान विधी होता. तोपर्यंत पास आला नाही. भाऊ तिकडेही जाऊ शकला नाही.

अक्काच्या घरी मात्र दीर चाळीसगावहून आले, नणंद जालन्याहून आली. दोघेही एसटीने आले आणि त्यांना कुणी पास विचारला नाही. मग अक्काच्या मनात काय आले असेल ते सांगायला नको. "एसटी चालू होती. सगळे आले. माझ्याच माहेरचं कुणी आलं नाही," असे ती म्हणाली. भाऊ म्हणाला, "नाका बंद होता, मला परत लावलं." ती म्हणाली, "खोटं बोलू नको." त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद.

अलीकडे भावाच्या मुलीचे लग्न ठरले. पत्रिका नाशिकला कोण नेणार, हा प्रश्न आला. ती मुलगी एका संध्याकाळी आमच्याकडे आली आणि तिने सरळ विचारले, "काका, खोटं कोण बोलतंय? बाबा की आत्या?"

आम्ही त्या काळातली कात्रणे आणि आदेशांच्या प्रती जपून ठेवल्या आहेत. त्या काढल्या, तारखा लावल्या आणि तिला सांगितले, "पोरी, दोघेही खरे बोलतात."

ते कसे, हे वाचकांनीही समजून घेतले पाहिजे.

राज्य परिवहन महामंडळाची जिल्ह्याबाहेरची बस २० ऑगस्ट २०२० पासून पुन्हा सुरू झाली. एसटीच्या प्रवाशाला ई-पास लागणार नाही, असे तेव्हाच जाहीर झाले होते. पण खासगी वाहनाने जिल्हा ओलांडायचा असेल तर पासाची अट कायम होती. म्हणजे तोच माणूस, तोच रस्ता, तेच मरण. एसटीत बसला तर मोकळा आणि जीपमध्ये बसला तर अडवलेला. यात आणखी गुंता असा की, केंद्र सरकारने २९ जुलैच्या आदेशात राज्याराज्यांत आणि राज्याच्या आत ये-जा करण्यावर बंदी नाही, त्यासाठी वेगळा परवाना लागणार नाही, असे म्हटले होते. २२ ऑगस्टला केंद्रीय गृहसचिवांनी सगळ्या राज्यांना पत्र लिहून त्याची पुन्हा आठवण दिली. आपल्या राज्याने ३१ ऑगस्टच्या आदेशाने पास रद्द केला, तोही २ सप्टेंबरपासून. म्हणजे २६ ऑगस्टला एकाच वेळी तीन नियम होते. दिल्ली म्हणत होती पास नको, मुंबई म्हणत होती पास हवा, आणि एसटीचा वाहक म्हणत होता फक्त तिकीट काढा.

जलदान विधीनंतर तिसऱ्या दिवशी पासच संपला. भावाचा अर्ज अजून तपासणीतच होता.

आता कुणी म्हणेल, भावाने वैजापूर गाठून नाशिकची एसटी का धरली नाही? धरता आली असती. पण आदल्या पाच महिन्यांत त्याच्या कानावर एकच गोष्ट आदळत होती, जिल्ह्याबाहेर जायचे तर पास. बदललेला नियम सहा दिवसांत मिस्तरीच्या कानापर्यंत पोचला नाही, यात त्याचा काय दोष? एसटीतही तेव्हा एका बाकावर एकच माणूस, जेमतेम बावीस प्रवासी घेत. म्हाताऱ्या आईला घेऊन त्यात जागा मिळेल की नाही, याचीही खात्री नव्हती.

आणि त्या पासाचा अर्ज तरी काय सोपा होता? पोलिसांच्या संकेतस्थळावर जायचे, फोटो ठरावीक आकारात बसवायचा, आधार कार्ड, प्रवासाच्या कारणाचा पुरावा आणि ताप-खोकला नसल्याचा डॉक्टरांचा दाखला, सगळे एकत्र करून चढवायचे. मग एक क्रमांक मिळे. त्या क्रमांकावर मंजुरी आली की पास उतरवून घ्यायचा. ज्याच्या घरी शिकलेले पोर आणि चांगला फोन त्याचे निभावले. ज्याच्याकडे नाही तो दलालाच्या दारात गेला. मयताच्या कारणाने पास मिळू शकत होता, हे खरे. पण पास यायला लागणारा वेळ आणि मयत थांबण्याचा वेळ यांचा मेळ बसत नव्हता.

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्याच जिल्ह्यात, करमाडजवळ सटाणा शिवारात, ८ मे २०२० च्या पहाटे रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. मध्य प्रदेशातली ही माणसे जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होती. भुसावळहून गावाकडची गाडी मिळेल या आशेने रूळ धरून चालत निघाली होती. मजुरांसाठी खास गाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या. परवानगीसाठी अर्ज केला होता, पण उत्तर आले नाही, असे वाचलेल्यांनी नंतर वर्तमानपत्रांना सांगितले. रस्त्याने गेलो तर अडवतील, म्हणून माणूस रुळाने जातो. नियम समजला नाही, किंवा समजूनही पोचला नाही, तर त्याची किंमत कोण मोजतो ते इथे दिसते.

ऊसतोडीला गेलेल्यांचेही तसेच. कारखान्यांवर अडकलेल्या सुमारे १ लाख ३१ हजार तोडणी कामगारांना घरी सोडण्याचा आदेश राज्याने १७ एप्रिल २०२० रोजी काढला. कारखान्याने तपासणी करून, यादी करून त्यांना पोचवायचे होते. आदेश चांगला होता. पण गावाच्या वेशीवर काटेरी फांद्या टाकून आणि बैलगाड्या आडव्या लावून बसलेल्यांनी तो वाचला होता का? किती गावांत "बाहेरच्यांना प्रवेश नाही" अशा पाट्या लागल्या. बाहेरचा म्हणजे कोण? त्याच गावात जन्मलेला, मतदार यादीत नाव असलेला, पण पुण्या-मुंबईत पोट भरणारा. त्यातले कितीतरी आपलेच. वेशीवर अडवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या आजा-पणजांना कुणी शिकवावे लागले नव्हते. रोगाची भीती खरी होती आणि शाळेत चौदा दिवस वेगळे राहण्याला आमचा विरोध नव्हताच. पण रस्ता बंद करण्याचा अधिकार कायद्याने अधिकाऱ्याला दिला होता, काठी घेऊन उभ्या राहिलेल्या कुणालाही नव्हे. हा फरक तेव्हा सांगितला गेला पाहिजे होता.

हे निर्बंध दोन कायद्यांवर उभे होते. एक २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि दुसरा १८९७ चा साथरोग कायदा. हा दुसरा कायदा प्लेगच्या वेळचा. त्या साथीत रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून तपासत. त्याच साथीत पुण्यात रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. नियम कठोर असतील, पण नियमाबरोबर माणूसही लागतो, हे सावित्रीबाईंनी आपल्या मरणाने दाखवले.

पुढच्या काळात नियम आणखी बदलत गेले. वाचकांच्या घरात अजूनही त्यावरून वाद असतील, म्हणून थोडक्यात मांडतो.

२५ नोव्हेंबर २०२० पासून दिल्ली, राजस्थान, गुजरात आणि गोव्याहून महाराष्ट्रात येणाऱ्यास आरटीपीसीआर तपासणीचा निगेटिव्ह अहवाल लागू झाला. विमानाने येणाऱ्याचा नमुना आधीच्या ७२ तासांतला, रेल्वेने येणाऱ्याचा ९६ तासांतला. अनेकांचा घोटाळा इथेच झाला. तास मोजायचे ते नाकातला नमुना घेतल्यापासून, अहवाल हातात पडल्यापासून नव्हे. अहवाल दोन दिवस उशिरा आला तर दारात पोचेपर्यंत मुदत संपायची.

२०२१ च्या मार्चअखेर आपल्या जिल्ह्यात पूर्ण टाळेबंदी जाहीर झाली आणि ती सुरू होण्याच्या काही तास आधी स्थगित झाली. ज्याने घाबरून आदल्या दिवशीच बिऱ्हाड गुंडाळले त्याची मजुरी बुडाली ती बुडालीच.

२२ एप्रिल २०२१ च्या रात्री आठपासून जिल्हा ओलांडणे पुन्हा बंद झाले. अत्यावश्यक सेवा, आजारपण आणि मयत एवढ्यालाच मुभा. पाठोपाठ ई-पास परत आला. १२ मेच्या आदेशाने राज्याबाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला ४८ तासांच्या आतला अहवाल सक्तीचा झाला. ७ जूनपासून जिल्ह्यांचे पाच स्तर पाडले. शंभर तपासण्यांत किती बाधित निघतात आणि प्राणवायूच्या खाटा किती भरल्या आहेत, या दोन आकड्यांवर स्तर ठरे. बाधित पाच टक्क्यांहून कमी आणि खाटा पंचवीस टक्क्यांहून कमी भरलेल्या, तर पहिला स्तर. बाधित वीस टक्क्यांवर किंवा खाटा पंच्याहत्तर टक्क्यांवर, तर पाचवा. प्रवासाचा पास फक्त पाचव्या स्तराला. पण आकडे दर आठवड्याला बदलत. आज मोकळा असलेला जिल्हा पुढच्या आठवड्यात कुठे असेल, हे तिकीट काढणाऱ्याला कसे कळावे?

जुलै २०२१ मध्ये लसीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना राज्यात येताना अहवालाची गरज उरली नाही. चौदा दिवस का, तर लस टोचल्या टोचल्या शरीराची ताकद तयार होत नाही, तिला वेळ लागतो. मात्र त्याच वेळी कर्नाटकात शिरताना निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर दोन मात्रा घेतलेल्यांनाही अहवाल मागत होते. येताना एक नियम, जाताना दुसरा. आपल्या जिल्ह्यात तर ९ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने किमान एक मात्रा घेतल्याशिवाय पेट्रोल आणि रेशनही मिळेना, आणि शेजारच्या वेरूळ लेण्यांच्या दारातही लसीचा दाखला मागू लागले. लसीकरण वाढावे हा हेतू चांगला होता. आम्ही स्वतः घरोघर जाऊन लस घ्या असे सांगत होतो. पण हेतू चांगला असला तरी रेशनच्या धान्याला अट लावणे आम्हाला तेव्हाही पटले नाही. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, लस घेण्याची बळजबरी कुणावर करता येत नाही, आणि लस न घेतलेल्यांवरील निर्बंध त्या वेळच्या परिस्थितीत प्रमाणाला धरून नाहीत. त्याच निकालात लसीकरणाचे धोरण योग्य असल्याचेही न्यायालयाने मान्य केले. दोन्ही गोष्टी एकत्र लक्षात ठेवाव्यात.

राज्यातले सगळे निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठले. दोन वर्षे घरातच साजरी केलेली जयंती त्या वर्षी पुन्हा रस्त्यावर आली. २०२० च्या ६ डिसेंबरला दादरला येऊ नका, दूरदर्शनवर पाहा, असे आवाहन होते आणि आपल्या समाजाने ते पाळले. नियमाचे कारण नीट सांगितले तर सर्वात गरीब माणूसही तो पाळतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाच्या कलम १९ मध्ये भारतभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क आहे. सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असेही तेच कलम सांगते. साथीत निर्बंध घातले म्हणून आम्ही तक्रार करत नाही. पण जो निर्बंध माणसाला त्याच्या भाषेत, वेळेवर, त्याच्या गावात सांगितला जात नाही, तो वाजवी कसा म्हणावा?

तेव्हा पुढे कधी अशी वेळ आली, साथीची असो वा पुराची, तर कुठलाही आदेश हाती आला की घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीने पाच गोष्टी पाहाव्यात. आदेश कुणी काढला, केंद्राने, राज्याने की जिल्हाधिकाऱ्याने? तारीख कोणती, आणि केव्हापासून केव्हापर्यंत लागू? कोणत्या वाहनाला? सूट कुणाला, विशेषतः आजारपण आणि मयत यांना? आणि कागद कोणता लागेल, त्याची मुदत कुठून मोजायची? फोनवर फिरत आलेला तारीख नसलेला निरोप आदेश समजू नये. विहारात एक फळा ठेवून त्यावर रोजचा नियम तारखेसह लिहावा. नाक्यावर अडवले तर वाद घालू नये, पण एक प्रश्न जरूर विचारावा, "साहेब, दुसऱ्या कोणत्या मार्गाने जाता येईल?" भावाने तो विचारला नाही. त्याला तो सुचला नाही, आणि समोरच्यालाही सांगावेसे वाटले नाही. उन्हात बारा-बारा तास उभ्या असलेल्या त्या शिपायालाही कदाचित एसटीचा नियम कुणी समजावला नसेल.

आम्ही त्या मुलीला एका कागदावर तारखा लिहून दिल्या. २० ऑगस्ट, एसटी सुरू, पास नको. २६ ऑगस्ट, खासगी गाडीला पास हवा. २ सप्टेंबर, पास रद्द. खाली तिने वडिलांच्या अर्जाचा क्रमांक लिहिला. तो तिने इतकी वर्षे वहीत जपला होता. पत्रिकेबरोबर तो कागद घेऊन ती एकटीच नाशिकला गेली.

परत आल्यावर तिने सांगितले. आत्याने कागद दोनदा वाचला. अर्जाच्या क्रमांकावर बोट ठेवून विचारले, "हा भाऊनं भरला होता?" मुलगी म्हणाली, "मीच भरला, आत्या. बाबा शेजारी बसले होते." अक्का बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या नाक्यावरच्या माणसानं एवढंच सांगितलं असतं, की एसटीनं जा."

पत्रिका तिने ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी देवगावात भावाचा फोन वाजला. पलीकडून अक्काने पहिला प्रश्न आईच्या गुडघेदुखीचा विचारला. लग्नाला ती चार दिवस आधी येणार आहे. एसटीनेच.